टिपणीसकाकांचा आनंदमेळा

टिपणीसकाकांना लग्नाची पत्रिका द्यायला गेलेला माणूस सहसा हसत परत येत नाही. आमच्या सोसायटीतले साळवी मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन त्यांच्याकडे गेले होते. काकांनी पत्रिका नीट वाचली, मुहूर्त वाचला, पत्ता वाचला आणि चष्म्यावरून साळवींकडे बघून विचारलं, "आणि नाही झालं तर?"

साळवी जागच्या जागी गार. काकांना म्हणायचं होतं ते एवढंच की लग्न लॉनवर आहे, दिवस जूनचे आहेत, पावसामुळे लॉनवर नाही झालं तर जवळपास एखादा हॉल बघून ठेवलाय का? पण काका एवढं लांबलचक बोलत नाहीत. प्रश्नाचं शेपूट धरून देतात, हत्ती आपण ओढून काढायचा. साळवींनी हॉल घेतला, लग्न हॉलमध्ये झालं आणि पाऊस काही पडला नाही. त्याबद्दलही साळवी अजून काकांनाच बोल लावतात.

सानपाड्याच्या आमच्या सोसायटीत काका तिसऱ्या मजल्यावर एकटेच राहतात. नोकरी सगळी पावणे एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत, डिस्पॅचला. माल भरायचा, गाडी गेटबाहेर काढायची. "गाडी सुटली की बाकीचे चहा प्यायला जायचे," ते सांगतात, "आणि माझी काळजी सुरू व्हायची." रिटायर झाल्यावर काळजी तशीच शिल्लक राहिली, गाड्या मात्र गेल्या. मग ती काळजी सोसायटीला लागू झाली. अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशाला पेनासारखी बारीक टॉर्च, कॉलरच्या आत टोचलेल्या दोन सेफ्टी पिना. या पिना कोणाला तरी लागतात म्हणे. एकदा माझी साडी ऐन झेंडावंदनाला सुटली, तेव्हा मलाच लागल्या, म्हणून त्या विषयावर मी हसत नाही.

मी सोसायटीची सेक्रेटरी. काका मला 'सेक्रेटरीबाई' म्हणतात. गेल्या हिवाळ्यात आम्ही आनंदमेळा करायचं ठरवलं. जवळच्या बोनकोडे गावात एका घराच्या गच्चीवर पत्रे टाकून एक कार्यशाळा चालते. गतिमंद, स्वमग्न मुलांची विशेष शाळा अठराव्या वर्षी संपते, त्यानंतर ती घरीच बसतात. अशी मुलं तिथे येऊन कागदी पिशव्या करतात, पणत्या रंगवतात. मुलं आपलं म्हणायचं. काहींना मिशा आहेत, एकाचे केस पिकायला लागलेत. पावसाळ्यात तिथलं छप्पर गळतं आणि काम बंद पडतं. तर छपरासाठी मदत गोळा करायची, सोसायटीच्या पटांगणात खाण्याचे स्टॉल, गाणी, थोडे खेळ, असा बेत. व्यवस्था बघायला कोण, असं चेअरमन देसाईंनी विचारलं आणि सगळे आपापल्या मोबाइलमध्ये बघायला लागले. काकांकडे साधा फोन आहे. त्यामुळे ते एकटेच समोर बघत राहिले आणि काम त्यांच्याकडे आलं.

दुसऱ्याच दिवशी वीज गेली. सोसायटीची सगळी. जनरेटर सुरू व्हायला किती वेळ लागतो हे बघण्यासाठी काकांनी मेन स्विच बंद केला होता. जनरेटर सुरू झाला नाही. देसाई लिफ्टमध्ये होते.

"सांगायचं तरी!" बाहेर आल्यावर देसाई घामाघूम होऊन ओरडले.

"लाइट जाताना सांगून जाते का?" काका म्हणाले. मग जनरेटरवाल्याकडे वळून, "ऐकलंत ना, चेअरमन काय म्हणतायत ते? दुरुस्त करा."

मग मांडव. मांडवाचं काम म्हात्र्यांकडे. म्हात्रे इथलेच, सानपाडा गावठाणातले. आमच्या इमारती उठल्या त्या जमिनीवर त्यांच्या आजोबांची भातशेती होती. काकांनी मांडवाचा एकेक बांबू हलवून पाहिला आणि ठरलेला प्रश्न विचारला.

"काका, माजा मांडव हाय तो," म्हात्रे छातीवर हात ठेवून म्हणाले. "खाडीवरनं वारा आला तरी पडनार नाय."

"आणि पडला तर?"

"तर मी सोता त्याच्याखाली बसलेला असेन. मंग तर झालं?"

"मग तुम्हाला बाहेर कोण काढणार?" काकांनी गंभीरपणे विचारलं. म्हात्र्यांनी तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हटलं आणि चार बांबू जास्तीचे लावले.

खरी बहार रंगीत तालमीला आली. काकांच्या मते तालीम फक्त गाण्याची नसते, गर्दीचीही असते. कमिटीतल्या सगळ्यांना त्यांनी रिकाम्या प्लेटा घेऊन रांगेत उभं केलं. डोसा नाही, तवा नाही, माणूस नाही, नुसती रांग. "डोशाची रांग थांबते, भेळेची सरकते," ते आम्हाला समजावत होते. "दोन्ही शेजारी आल्या तर भांडणं." येणारी-जाणारी माणसं आमच्याकडे बघत होती. एका बाईंनी तर डोसा संपला का म्हणून विचारलं.

त्यानंतर हरवलेल्या मुलाची तालीम. मूल कोणी व्हायला तयार होईना, म्हणून देसाईंना हरवायचं ठरलं. माईकवरून काकांचा आवाज आला, "एक मूल हरवलं आहे. अंगात निळा शर्ट, डोक्यावर टक्कल. नाव विचारल्यास चिडतं." देसाई क्लबहाउसमागे वडापाव खाताना सापडले. त्यांना मधुमेह असल्यामुळे हे मूल सापडल्याचा आनंद देसाईवहिनींना सगळ्यात जास्त झाला.

इथपर्यंत सगळं हसण्यावारी चाललं होतं. बिनसलं ते सोसायटीच्या ऑफिसवरून.

तळमजल्यावर एसी असलेली ती एकच खोली. मेळ्याला एक मोठे बिल्डर प्रमुख पाहुणे म्हणून यायचे होते, आणि छपराचा मोठा भार तेच उचलतील अशी आम्हाला आशा होती. त्यांना बसायला, चहापाण्याला ऑफिस द्यायचं देसाईंनी ठरवून टाकलं होतं. काकांनी मिटिंगमध्ये सांगितलं, "ऑफिस मिळणार नाही. ते मोकळं ठेवायचंय."

"कोणासाठी?"

"ज्याला लागेल त्याच्यासाठी."

"अहो, पण कोणाला लागणार आहे?"

"लागेल."

एवढंच. शिवाय त्यांना स्टेजसमोरच्या खुर्च्यांच्या कडेनं थेट ऑफिसच्या दारापर्यंत दोरी बांधून एक गल्ली मोकळी हवी होती. त्यासाठी खुर्च्यांची आख्खी एक ओळ कमी करावी लागणार होती. देसाई भडकले. "काका, ही चॅरिटी आहे, तुमची कंपनी नाही! ज्याच्या जिवावर छप्पर होणार, त्या माणसाला आपण पटांगणात उभं करायचं? कशाला, तर तुम्हाला आत कंट्रोल रूम मांडून बसायचंय म्हणून?"

काकांनी खिशातली टॉर्च काढून पुन्हा नीट खोचली. मग हळूच म्हणाले, "मला बसायचं नाहीये आत. पण खोली नसेल तर व्यवस्था दुसऱ्या कोणाला तरी सांगा."

मेळा तोंडावर आला होता आणि दुसरं कोणी मिळणार नव्हतं. मी मध्ये पडले, पाहुण्यांचा चहा देसाईंच्या घरी ठरवला. देसाईवहिनींनी त्या निमित्तानं नवे पडदे घेतले, त्यामुळे देसाईंचा राग दुप्पट झाला. काकांनी ऑफिसमधलं टेबल बाजूला सरकवलं, घरून गादी आणून जमिनीवर घातली, ट्यूबलाइट काढून टेबललॅम्प लावला. मला वाटलं, कोणाला चक्कर-बिक्कर आली तर म्हणून असेल.

मेळा झाला, छान झाला. पाहुण्यांना वहिनींचा चहा इतका आवडला की ते खालचा कार्यक्रम सुरू होईपर्यंत वरच बसून होते. छप्परही पुढे झालं. ते सगळं वार्षिक सभेत सांगून झालंय. त्या संध्याकाळचं मला सांगायचंय ते वेगळंच आहे.

कार्यशाळेतली सगळी मुलं आणि त्यांचे आईवडील आले होते. आम्ही मोठ्या मानानं त्यांना पहिली रांग दिली होती. स्वागतगीत झालं आणि कोणीतरी ढोलताशाचं गाणं लावलं. म्हात्र्यांच्या साउंडवाल्या पोरानं उत्साहात आवाज चढवला. पहिली रांग म्हणजे स्पीकरच्या तोंडाशी. तिथे बसलेला एक तरुण, वीस-बावीसचा, चांगला उंचापुरा, कान घट्ट दाबून उभा राहिला. खुर्ची उलटली. मग तो जमिनीवर बसला आणि ओरडायला लागला. गाण्यावरही ऐकू येईल असं. लोक पटकन मागे सरकले. दोघांनी मोबाइल वर धरले.

त्याच्या आईनं इकडेतिकडे पाहिलंसुद्धा नाही. पर्स तिच्या खांद्याला होतीच. ती तशीच बसली होती सुरुवातीपासून. "सॉरी हां, सॉरी, जातो आम्ही," ती प्रत्येकाकडे बघून म्हणत होती, आणि त्याला उठवायला बघत होती. तो तिच्या दुप्पट होता.

काका कुठून आले कळलं नाही. त्यांनी म्हात्र्यांकडे बघून हात खाली केला आणि गाणं बंद पडलं. मोबाइलवाल्यांपुढे ते नुसते उभे राहिले, मोबाइल खाली गेले. मग ते त्या मुलापासून थोड्या अंतरावर जमिनीवर मांडी घालून बसले. त्याला हात लावला नाही, समजावलं नाही, त्याच्याकडे बघितलंही नाही. गल्लीला बांधलेल्या दोरीवरून हात फिरवत बसले. ओरडणं कमी झालं तसे उठले आणि आईला म्हणाले, "या गल्लीतून या. कोणी आडवं येणार नाही."

ती म्हणाली, "गेट कुठल्या बाजूला आहे?"

"गेटकडे नाही. आत चला."

ते तिघं त्या मोकळ्या गल्लीतून ऑफिसपर्यंत गेले. मी मागाहून पोचले तेव्हा तो गादीवर भिंतीला टेकून बसला होता आणि पडद्याची दोरी बोटाला गुंडाळत, सोडवत होता. आई दाराशी उभी. काका बाहेर, ऑफिसच्या काचेपाशी स्टुलावर. त्यांनी मला एक डोसा आणायला सांगितला, पण मी निघाले तशी हाक मारली, "नको. इथे नका आणू." आणि त्या बाईंना म्हणाले, "तुम्ही जा. खुर्चीवर बसून गरम खा. मी आहे इथे."

"नको हो काका. ओंकार माझ्याशिवाय नाही राहत."

"नाही राहिला तर बोलावतो. ही काच आहे, तुम्ही तिथे बसलात तरी त्याला दिसाल."

ती दोनदा गेली आणि दोनदा परत आली. तिसऱ्यांदा गेली ती डोशाच्या रांगेत उभी राहिली. तिथून ती सारखी वळून बघत होती, आणि काका दर वेळी हात वर करत होते.

"तुम्हाला कसं कळलं हे सगळं?" मी विचारलं.

काका काचेतून आत बघत होते. "आमचा दादा होता असाच," ते म्हणाले. "आईला सगळीकडून बोलावणी यायची. जायची ती. नवी साडी नेसून, त्याला आंघोळ घालून, भांग पाडून. मंगलाष्टकं सुरू झाली की हा ओरडायचा. लोक काही वाईट नव्हते हं. लगेच वाट करून द्यायचे. पंक्तीतून उठून वाट द्यायचे." त्यांनी डोशाच्या रांगेकडे बघून हात वर केला. "बाहेर जायची वाट लोक फार पटकन करून देतात, सेक्रेटरीबाई. आई अक्षता हातात तशाच घेऊन घरी यायची."

मी विचारलं, "दादा आता...?"

"आईनंतर माझ्याकडेच होता. गेला तो, इकडे यायच्या आधी." त्यांनी चष्मा काढून पुसला. "आता मला कुठेही जाता येतं. कितीही वेळ. पण लोक कार्यक्रमात नुसते बसून काय करतात, हे मला काही समजत नाही. शिकायचंच राहिलं. काम असलं की बरं पडतं."

पटांगणात म्हात्र्यांनी आवाज बेतानं ठेवून एका आजींचं भावगीत सुरू करून दिलं होतं. आजी बेसूर होत्या, पण मनापासून गात होत्या. ओंकारची आई आली. ओठांच्या कडेला चटणी लागलेली होती आणि पर्स कुठेतरी खुर्चीवर विसरून आली होती. तिनं काचेतून आत पाहिलं. ओंकार दोरी गुंडाळत होता. ती थोडी घुटमळली.

"काका," तिनं विचारलं, "एक गाणं ऐकून येऊ का?"

"दोन ऐका," काका म्हणाले.