रामटेके काकांचा सरस

मेव्हण्याच्या वरातीत घोडीची शेपटी हातात घेऊन ती उन्हात निरखणारा माणूस आमच्याच मजल्यावर राहतो, हे लक्षात आलं तेव्हा मी हळूच बँडवाल्यांच्या मागे जाऊन उभा राहिलो. नुसती शेपटी असती तर चाललं असतं. दुसऱ्या हातात कात्री होती.

"घोडा हाय का घोडी?" त्याने लगामवाल्याला विचारलं.

"घोडी."

"मंग राहू द्या. घोडी मुतते तवा शेपटी खराब करते. गजाले चालत नाही."

हे सगळं माझ्या सासूबाईंपासून दोन हातांवर. मग नवरदेवाला शुभेच्छा देऊन रामटेके काका शांतपणे निघून गेले. व्हायोलिनच्या गजाला घोड्याच्या शेपटीचे केस लागतात, हे मी सासूबाईंना तीनदा समजावलं. अजूनही त्या विचारतात, "काय म्हणतात तुमचे घोडीवाले?"

काका मूळ नागपूरकडचे. नोकरीची सगळी वर्षं इथल्या एका कारखान्यात लाकडी साचे घडवले आणि सुट्टीच्या दिवशी व्हायोलिनं. आता निवृत्त झाल्यावर घडवणं, दुरुस्ती आणि शिकवणी असा दिवसभर तोच उद्योग चालतो. इतकी वर्षं विश्रांतवाडीत काढली, पण पुण्याने त्यांच्या बोलीला ओरखडासुद्धा काढलेला नाही. "काहून?" हा त्यांचा आवडता शब्द. माझी मुलगी इरा त्यांच्याकडे शिकायला लागली आणि आमच्या इमारतीला तीन महिने नुसता 'सा' ऐकावा लागला, तोही बेसूर. शेवटी मी भीत भीत विचारलं, "काका, गाणं कधी?"

"काहून? गाणं पळून चाललं का?"

मी परत आलो.

इराच्या हाताला मोठं व्हायोलिन झेपेना, तेव्हा काकांनी कपाटातून एक लहान व्हायोलिन काढून दिलं. त्यांनी स्वतः घडवलेलं. अट एकच. मे महिन्यात ते सांगतील त्या दिवशी परत आणायचं.

"उघडा लागते त्याले," ते म्हणाले.

"उघडायचं म्हणजे?"

उत्तरादाखल त्यांनी टेबलावरचं दुसरं व्हायोलिन उचललं, त्याच्या कडेत पातळ सुरी खुपसली आणि सर्रकन फिरवली. लाकूड असं काही कडाडलं की मी किंचाळलो. वरची अख्खी फळी त्यांच्या हातात आली होती.

"काहून ओरडता, साहेब? सरसानं चिकटवलं हाय. सरस सुटते, म्हणून तं वापराचा. पक्कं चिकटवलं तं दुरुस्तीले उघडाल कसं?"

हे मी ऐकलं. समजलं नाही, हे मे महिन्यात कळायचं होतं.

एप्रिलच्या उन्हाने इराच्या व्हायोलिनची कड बोटभर सुटली. आता मी घरातल्या सगळ्या वस्तू स्वतः दुरुस्त करतो. मिक्सरचं झाकण, चपला, देवघराचा दरवाजा, सगळं माझ्या हातचं आहे. इरा म्हणाली, "बाबा, काकांना विचारूया ना."

"एवढ्याशा कामाला काका कशाला?"

दोन नळ्यांतला मिसळून लावायचा असतो तो जालीम गोंद आणला. म्हटलं, बोटभर कशाला, सगळ्याच कडेने फिरवू. वर कपड्यांचे चिमटे लावले. सकाळी व्हायोलिन दगडासारखं पक्कं झालं होतं. दोन दिवस मी त्याच्याकडे कौतुकाने बघत होतो.

मे महिन्यात काकांचा निरोप आला. मी मोठ्या ऐटीत व्हायोलिन नेऊन दिलं. काकांनी सुरी लावली. शिरेना. दुसरीकडून लावली, तिथेही शिरेना. मग त्यांनी व्हायोलिन नाकाशी नेलं, कडेचा वास घेतला आणि माझ्याकडे वळून बघितलं.

"काय लावलं?"

मी सांगितलं. ते ओरडतील म्हणून मी तयारीत होतो. ते ओरडले नाहीत. ते कडेवरून नुसता अंगठा फिरवत राहिले, आणि मला खरोखरच भीती वाटली.

"काका, मी नवीन आणून देतो."

"नवीन मी दहा करतो. हे आज उघडा लागते. आजच."

बारीक करवत घेऊन ते कामाला लागले. मी व्हायोलिन घट्ट धरून बसलो. कडेचं लाकूड तुकड्या-तुकड्याने निघत होतं आणि प्रत्येक आवाजाला मी दचकत होतो. तासाभराने फळी निघाली, तिची सगळी कड कुरतडल्यासारखी झाली होती.

आतल्या कोऱ्या लाकडावर पेन्सिलीने एकाखाली एक लिहिलं होतं. रश्मी ९. रश्मी १०. रश्मी ११. ओळी पार खालपर्यंत गेल्या होत्या. शेवटची होती रश्मी ३३.

"ही कोण?"

"पोरगी. तिच्यासाठी केलं होतं हे. नऊ वर्षांची होती तवा."

"आणि हे आकडे?"

"वय हाय तिचं. आज वाढदिवस असते."

या घरात मुलगी होती हेच मला ठाऊक नव्हतं. शेजारी राहून सहा वर्षं झाली होती. "कुठे असतात त्या?" मी विचारलं.

"तिनं तिच्या मनानं लग्न केलं. मी गेलो नाही. मंग तिनं पत्ता दिला नाही." काका पेन्सिलीला टोक काढत होते. "पत्ता असता तं पत्र नसतं लिहिलं का, साहेब?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी माफी मागायला तोंड उघडलं, पण त्यांचं लक्षच नव्हतं. भुसा फुंकून त्यांनी सावकाश लिहिलं, रश्मी ३४. मग पेन्सिल कानावर खोचली.

"तुमची बायको केवढ्याची असन?"

"पस्तीस."

"चष्मा लागला का तिले?"

"नाही."

"रश्मीले लागला असन का हो?"

मला काय माहीत असणार? तरी मी अगदी ठामपणे सांगितलं, "छे, नाही लागला."