मोघेकाकांचा कान

मोघेकाकांना ‘नमस्कार’ म्हटलं, तर ते उलट नमस्कार करत नाहीत. तुमच्या गाडीचं दुखणं सांगतात. आमच्या वारज्याच्या सोसायटीतल्या कुलकर्णीबाई नव्या गाडीचे पेढे घेऊन गेल्या, तेव्हा काका दारातूनच म्हणाले, “क्लच जाळताय तुम्ही. पेढे ठेवा.”

एका कारखान्याच्या वर्कशॉपात त्यांचं आयुष्य इंजिनं ऐकण्यात गेलं. माणसांचं ऐकून घ्यायची सवय मात्र लागली नाही. त्यामुळे सोसायटीत त्यांना मान होता, पण चहाला कोणी बोलवत नव्हतं.

माझी गाडी सिग्नलला उभी राहिली की हुडहुडी भरल्यासारखी थडथडायची, कधी बंदच पडायची. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी प्लग बदलले. थडथड तशीच. शेवटी अभिमान गिळून मी काकांकडे गेलो.

“प्लग का बदललेत?”

“ते म्हणाले म्हणून.”

“उद्या डोकं बदला म्हणतील. तेवढं मात्र ऐका.”

त्यांनी बॉनेट उघडून इंजिन चालू करायला लावलं. रबरी नळीचं एक टोक कानाला लावलं, दुसरं इंजिनावरून फिरवत राहिले. एका जागी थांबले. तिथे क्लीनरचा फवारा मारला आणि इंजिनाचा आवाज एकदम बदलला.

“सापडलं. पाइपला चीर गेलीय. इथून नको ती हवा आत शिरते आणि पेट्रोलचं माप बिघडतं.”

नवा पाइप बसवला. गाडी शांत झाली. मी आभार मानायला तोंड उघडलं, तर काका आधीच आत बसलेले.

“लांब चक्कर मारून बघू. धायरीला चला.”

धायरीत एका इमारतीसमोर त्यांनी गाडी थांबवायला सांगितली. “इंजिन चालू राहू द्या. दहा मिनिटं बघू.”

मी डॅशबोर्डवरच्या काट्याकडे बघत होतो. काका दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीकडे. तिथे दोरीवर लहान फ्रॉक वाळत होते.

“मुलगी राहते,” ते म्हणाले. “जावयाला भर मांडवात मूर्ख म्हणालो होतो. होताच.” त्यांनी खिडकीची काच खाली केली. “सहा वर्षं झाली. नात झाल्याचं दुसऱ्यांकडून कळलं.”

तेवढ्यात गॅलरीत एक बाई आली. दोरीवरचे कपडे काढता काढता तिची नजर खाली गेली. काकांनी खिडकीतून हात बाहेर काढला, पण तो अर्ध्यावरच राहिला. हातात होते तेवढे कपडे घेऊन ती आत गेली. कडी लावल्याचा आवाज खालपर्यंत आला.

“वर जाऊन येता का?” मी विचारलं.

“नको.”

आभाळ भरून आलं होतं. दोरीवर तीन फ्रॉक राहिले होते.

“एकदा हॉर्न वाजवता का?” काका म्हणाले. “भिजतील हो ते.”

मी वाजवला. दोनदा वाजवला. दार उघडलं नाही.