मधला ‘यू’

सून इंग्रजी बोलणारी आहे म्हटल्यावर सासरेबुवांनी ठरवलं की आपणही तिच्याशी इंग्रजीतच बोलायचं. सासूबाईंनी कपाळाला हात लावला, पण तो त्या एरवीही लावत असत.

सासरेबुवा कुलपांच्या कारखान्यात स्टोअर्स सुपरवायझर. आयुष्य स्क्रू, स्प्रिंगा आणि बिजागऱ्या मोजण्यात गेलेलं. मुलगा परदेशी नोकरीला गेला आणि तिथली एक नर्स बायको करून घेऊन आला. मुलगी गुणी, हसरी, आणि मराठीचा एक शब्द येईल तर शपथ. तशात मुलाला कंपनीने ट्रेनिंगला पाठवलं. घरात उरले तिघं.

सासूबाईंचं काही अडलं नाही. त्या सुनेशी सरळ मराठीत, फक्त थोड्या मोठ्या आवाजात बोलत. “अगं, ते पातेलं दे,” म्हणत पातेल्याकडे हनुवटी करत, आणि पातेलं येत असे. सासरेबुवांना मात्र हे अडाणीपणाचं वाटे. त्यांनी इंग्रजीचा अभ्यास केला होता. (म्हणजे मॅनेजरसाहेब फोनवर बोलत असताना ते दाराशी उगाच रेंगाळले होते.) साहेब सगळ्यांना म्हणत, “आय वॉन्ट यू टू फिनिश धिस,” “आय वॉन्ट यू टू कम हिअर.” सासरेबुवांनी निष्कर्ष काढला की नुसतं ‘आय वॉन्ट टू’ म्हणणं म्हणजे गावंढळपणा. मध्ये एक ‘यू’ घातला की भाषेला अदब येते. आपण नाही का, नावापुढे ‘राव’ लावत? तसंच!

दुसऱ्याच दिवशी सकाळी ते खांद्यावर पंचा टाकून सुनेसमोर उभे राहिले आणि अदबीने म्हणाले, “आय वॉन्ट यू टू टेक बाथ.”

मला अंघोळीला जायचंय, असं त्यांना म्हणायचं होतं. सुनेची अंघोळ नुकतीच झाली होती. केसांतून पाणी ठिबकत होतं. तिने एकदा स्वतःच्या दंडाचा वास घेतला, “येस, बाबा” म्हणाली आणि पुन्हा न्हाणीघरात शिरली. बाहेर आली तेव्हा गरम पाणी संपलं होतं.

सासरेबुवा कुडकुडत बाहेर आले आणि चहाची तल्लफ आली म्हणून म्हणाले, “आय वॉन्ट यू टू ड्रिंक टी.”

सुनेने चहा केला, कप भरला, आणि त्यांच्याकडे बघत बघत स्वतः पिऊन टाकला. वर “थँक यू” म्हणाली.

“विचित्रच पोरगी आहे,” ते बायकोला म्हणाले. “मला जे हवं ते आधी स्वतः करून बघते.”

“नर्स आहे ना,” सासूबाई म्हणाल्या. “तपासून घेत असेल.”

त्यांना ते पटलं. रविवारी दुपारी “आय वॉन्ट यू टू स्लीप” म्हटल्यावर ती वाचता वाचता पुस्तक मिटून निमूट झोपायला गेली, तेव्हाही त्यांना काही वाटलं नाही. तिकडे सुनेची समजूत झाली होती की सासरा म्हणजे वॉर्डातली सगळ्यात कडक हेडसिस्टर. वेळेवर अंघोळ, वेळेवर चहा, वेळेवर झोप! पण नोकरीत हुकूम पाळायची सवय होती, म्हणून ती पाळत राहिली.

सोमवारी सकाळी कारखान्यात जायला उशीर झाला. चपला पायात सरकवता सरकवता सासरेबुवा ओरडले, “आय वॉन्ट यू टू लीव्ह! नाऊ! लेट! लेट!”

सुनेच्या हातातला कप तसाच राहिला. “मी?” तिने इंग्रजीत विचारलं. “आत्ता?”

“येस, येस!” असं म्हणून ते हसतमुखाने निघून गेले.

दुपारी स्टोअर्समध्ये मुलाचा फोन आला. “बाबा, ती बॅग घेऊन बसस्टँडवर बसलीय! रडतेय! तिला घालवून दिलंत?”

“मी? अरे, मी फक्त निघतो म्हणालो!”

“काय म्हणालात ते जसंच्या तसं सांगा.”

त्यांनी सांगितलं. पलीकडे मुलाने मोठा श्वास घेतला. “बाबा, ‘यू’ घातलात की ते काम तिने करायचं असतं. तुम्ही तिला म्हणालात, चालती हो!”

सासरेबुवांच्या डोळ्यांसमोर अंघोळ, चहा आणि झोप अशी एकामागून एक उभी राहिली. ते तसेच धावत सुटले. वाटभर एकच घोकत होते: यू काढायचा, यू काढायचा. स्टँडवर सून बाकावर डोळे पुसत बसली होती. ते धापा टाकत समोर उभे राहिले आणि जीव तोडून म्हणाले, “आय वॉन्ट टू स्टे! प्लीज! आय वॉन्ट टू स्टे!”

सुनेने त्यांच्याकडे पाहिलं. मग बॅग उचलून खाली ठेवली, बाकावर त्यांच्यासाठी जागा केली आणि त्यांचा हात हातात घेऊन हळूच विचारलं, आईंनी तुम्हालाही घालवून दिलं का?

“नो, नो! आय... वॉन्ट...” ते थांबले. नको तिथे आठवडाभर घातलेला ‘यू’ हवा तिथेच गायब झाला होता. शेवटी त्यांनी तिच्याकडे बोट केलं. “यू! यू टू स्टे! होम!”

मग सुनेला सगळा उलगडा झाला. ती इतकी हसली की बसची वाट बघणारे लोक बस सोडून त्यांच्याकडेच बघायला लागले. सासरेबुवांनी बॅग उचलली ती घरापर्यंत खाली ठेवली नाही.

त्या दिवसापासून इंग्रजी बंद. सून सासूबाईंच्या मागे मागे फिरत मराठी शिकू लागली आणि भराभर शिकली. महिनाअखेरीस सासरेबुवांनी मोठ्या हौसेने मॅनेजरसाहेबांना घरी बोलावलं. सुनेने दार उघडलं, गोड हसली आणि खुर्चीकडे हात करून स्वच्छ मराठीत म्हणाली,

“या साहेब, गप बसा!”

साहेब बसले. गपही बसले. थोड्या वेळाने घसा खाकरत त्यांनी विचारलं, “हे... कुणी शिकवलं?”

“आई!” सून अभिमानाने म्हणाली. “नुसतं ‘बसा’ साधं. ‘गप बसा’ खूप आदराचं. आई बाबांना दिवसभर म्हणतात!”

साहेबांनी सावकाश मान वळवून आपल्या सुपरवायझरकडे पाहिलं. सासरेबुवा खुलासा करायला तोंड उघडणार, एवढ्यात आतून सासूबाईंनी तोच आदर पुन्हा एकदा व्यक्त केला.