मोठ्या मनाचा फोन

ऋषिराजच्या नव्या गाडीचं छप्पर उघडतं, हे ज्ञानेशला पहाटे साडेचारला कळलं आणि त्याची सहल तिथंच नासली.

डिसेंबरची कडाक्याची थंडी होती. भवानीनगरच्या पलीकडच्या वाडीतले चार मित्र घाटाखालच्या थीम पार्कला निघाले होते. भिगवणला हायवे लागला तसं ऋषिराजनं एक बटण दाबलं, डोक्यावरचा पत्रा सुळकन मागं सरकला आणि थेट चांदण्या दिसायला लागल्या. खतांचं दुकान चालवणारा शंभूराज उठून अर्धा वर निघाला आणि वरूनच ओरडला, "ऋष्या, गाडी हाय का इमान हाय रं ही!"

"घराच्या पत्र्याला भोक पडलं की आपण कपाळाला हात लावतो," ज्ञानेश मफलर आवळत म्हणाला, "आन काही लोकं पैसं देऊन पाडून घेत्यात. लाव ते. नाक गळाय लागलं माझं."

कुणी हसलं नाही. हसला तो एकटा ऋषिराज. "ज्ञानू, गार लागतंय व्हय?" म्हणत त्यानं स्वतःच्या अंगावरची शाल काढून मागं दिली. शाल चांगलीच ऊबदार निघाली. त्यामुळं ज्ञानेशचा जास्तच जळफळाट झाला.

आता ऋषिराजनं ज्ञानेशचं वाईट काय केलं होतं म्हणाल, तर काहीही नाही. तेच तर दुखणं होतं! दोघं एका बाकावर शिकले, दोघांची रानं बांधाला बांध लागून, माती एक, कालवा एक. पण ऋषिराजच्या रानात पाऊल टाकलं की फवारणीवाल्या कंपनीची माणसं फोटो काढायची आणि ज्ञानेशच्या रानात आली तर रस्ता विचारायला. या सगळ्यावर कडी म्हणजे ऊसतोड. दोघांच्या उसाच्या लागणीची नोंद कारखान्यात एकाच तारखेची. तरी ऋषिराजचा ऊस दरवर्षी डिसेंबरात जायचा, आणि ज्ञानेशचा तुरे काढून, वाळून, फेब्रुवारीत. बांधावर बसून शेजाऱ्याचं मोकळं रान बघणं काय असतं, ते ज्याचा ऊस उभा राहिलाय त्यालाच विचारा.

म्हणून औंदा ज्ञानेशनं बायकोला, वृषालीला, शब्द दिला होता. "बघशील तू. एकदा तरी त्याच्या आधी आपला ऊस जाणार. एकदा तरी गाव माझ्याकडं बघंल."

"कशाला त्यांच्या वायटावर असता?" वृषाली म्हणाली होती. "ऋषीभाऊजी किती चांगले हाईत."

घ्या! घरातही तेच.

थीम पार्कला पोचेपर्यंत साडेदहा वाजले. तिथंही तोच प्रकार. फाटकावरच्या अस्वलाचा वेश घातलेल्या माणसानं चौघांतून नेमकी ऋषिराजलाच मिठी मारली. कॉलेजच्या पोरी फोटो काढून घ्यायला फोन द्यायच्या त्या ऋषिराजच्याच हातात. पाळण्यात बसल्यावर सगळं जग किंचाळत होतं आणि हा आपला खदाखदा हसत होता. शेजारी ज्ञानेशनं मात्र डोळे मिटून दांडी अशी धरली होती, की खाली उतरल्यावर चौथ्या मित्राला, युवराजला, त्याची बोटं एकेक करून सोडवावी लागली.

मग तो मोठा पाळणा आला. माणसाला उलटं टांगून, गरागरा फिरवून, पुन्हा जमिनीवर आणून ठेवणारा. रांग दीड तासाची आणि आत मोबाईल न्यायला बंदी. ज्ञानेशनं वर मान करून बघितलं आणि ताबडतोब पोटावर हात ठेवला.

"माझं पोट बिघडलंय. तुमी जावा."

"भ्यायलास व्हय?" शंभूराजनं डोळा मारला.

"ए, चिडवू नको त्याला," ऋषिराज म्हणाला. "ज्ञानू, तू निवांत उसाचा रस पी. आमचे फोन तेवढे सांभाळ."

थीम पार्कात येऊन उसाचा रस! ज्ञानेश चार फोनांची पिशवी मांडीवर घेऊन बाकड्यावर बसला. थोड्या वेळानं पिशवीत ऋषिराजचा फोन वाजायला लागला. वर नाव होतं दादासाहेब चिटबॉय.

दादासाहेब कारखान्याचे चिटबॉय. वय पंचावन्न, मिशा पांढऱ्या, पण ऊसतोडीच्या चिठ्ठ्या देतो तो चिटबॉयच. तोडणी मजुरांची टोळी आज कुणाच्या फडात घालायची, हे त्यांच्या जिभेवर. ज्ञानेशनं आजूबाजूला बघितलं, फोन उचलला आणि काही बोलायच्या आतच पलीकडून आवाज आला, "ऋषीराव, रामराम! टोळी मोकळी झाली. लगेच तुमच्या फडात घालतो. चालंल न्हवं?"

ज्ञानेशच्या डोक्यात सणक गेली. औंदा परत तेच! पण मागं शंभर माणसं उलटी लटकून बोंबलत होती, त्या कल्लोळात कुणाचा आवाज कुणाला ओळखू येणार? त्यानं आवाज जाड केला.

"दादासाहेब, आज माझा नको. त्या ज्ञानेशचा घ्या आधी."

पलीकडून दादासाहेबांनी दोनदा हॅलो हॅलो केलं.

"तुमची पाळी सोडताय? आपणहून?"

"व्हय. गरिबाचा दरसाल मागं ऱ्हातो. आन पोरगा लय कष्टाळू हाय." शेवटचं वाक्य ठरलेलं नव्हतं, पण संधी मिळाली तर माणूस सोडतो होय?

"ऋषीराव," दादासाहेब भारावून म्हणाले, "तीस वर्षं चिठ्ठ्या वाटतोय. पाळीसाठी सख्ख्या भावांनी एकमेकांची डोकी फोडल्याली बघितली. पाळी सोडणारा माणूस आज बघितला. धन्य तुमची! आन मागं वरडतंय कोण?"

"लोकं खेळत्यात."

"खेळताना वरडत्यात व्हय? बरं, बरं."

फोन ठेवला आणि ज्ञानेशच्या लक्षात आलं, की आपण ऊस मिळवला आणि मोठेपणा ऋषिराजला देऊन बसलो. हात चोळावेत तोवर त्याचा स्वतःचा फोन वाजला. आता मघाचा जाड आवाज टाकून बारीक आवाज काढणं आलं.

"ज्ञान्या, नशीब काढलंस!" दादासाहेब म्हणाले. ऋषिराजला तुमी आणि ज्ञानेशला तू, हेही कायमचंच. "टोळी तुझ्या फडात निघाली. ऋषीरावांनी आपली पाळी तुला दिली. पाय धू त्या माणसाचे, पाय!"

"धुतो की," ज्ञानेश दातओठ खात म्हणाला.

"रान वाळलंय न्हवं?"

"खडखडीत!" आनंदाच्या भरात ज्ञानेश बोलून गेला आणि दुसरा उसाचा रस मागवला. काय गोड लागला तो रस! बांधावर हात मागं बांधून उभा असलेला ऋषिराज त्याला डोळ्यांपुढं दिसायला लागला.

पाऊण तासानं वृषालीचा फोन आला.

"अवं, टोळी कशी आली आपल्याकडं? तुमी बोलावली?"

"मग! म्हणलं न्हवतं तुला?"

"आन काल दिवसभर पाणी कुणी दिलं फडाला?"

ज्ञानेशच्या हातातला ग्लास हातातच राहिला. काल कालव्याचं आवर्तन आलं होतं. ऊस काय फेब्रुवारीतच जायचा, या कडवटपणात त्यानं स्वतः, स्वतःच्या हातानं, दीड एकराला टम्म पाणी पाजलं होतं. हेव्यानं जळणाऱ्या माणसाला शेजारच्या रानातलं पाचटसुद्धा दिसतं, आपल्या रानातला चिखल काही दिसत नाही.

"ट्रॅक्टर आत घातला आन चाकाच्या आसापतूर रुतला," वृषाली सांगत होती. "टोळीतल्या बाया माझ्याकडं बघून हसाय लागल्यात. ऋषीभाऊजींच्या घरनं, उत्कर्षावैनींकडनं, त्यांचा मोठा ट्रॅक्टर मागवलाय वढायला."

"त्यांचा कशाला? दुसरा कुणाचा न्हवता का गावात?"

"मग काय तुमी येताय घाट चढून खांद्यावर उचलायला?"

तिकडं ज्ञानेशच्या मांडीवर ऋषिराजचा फोन थरथरायला लागला होता. दादासाहेबांनी ती गोष्ट वाडीच्या ग्रुपवर टाकली होती. 'मनाचा राजा.' खाली हात जोडलेले, टाळ्या, फुलं. सोसायटीचे चेअरमन मानसिंगराव यांनी लिहिलं होतं, 'असे तरुण गावाचे भूषण. उद्या सकाळी नऊ वाजता सत्कार.' एका मिनिटात ऋषिराजच्या नावानं चाळीस निरोप. आणि ज्ञानेशच्या नावानं? एकच. शंभूराजच्या बायकोचा. 'भाऊजी, यांना सांगा येताना स्वेटर विसरू नका.'

तिघं पाळण्यावरून झिंगत खाली आले तेव्हा ज्ञानेशचा चेहरा त्यांच्यापेक्षा पांढरा पडला होता. ऋषिराजनं फोन हातात घेतला, निरोप वाचले आणि तो बुचकळ्यात पडला. तेवढ्यात दादासाहेबांचाच फोन आला. त्यांचा आवाज एवढा दणदणीत, की सगळ्यांना ऐकू आलं.

"ऋषीराव, मघाशी तुमी सांगितलं तसं टोळी ज्ञान्याकडं घातली, पण त्याच्या रानात गुडघाभर चिखल! टोळी काय बसवून ठेवता येत न्हाय. बांध वलांडून तुमच्याच फडात घातली बघा. तोड चालू बी झाली. देणाऱ्याला देव देतो, ते खोटं न्हाय!"

ऋषिराजनं ज्ञानेशकडं बघितलं. ज्ञानेश आपल्या बुटाच्या नाड्यांकडं बघत होता. शंभूराजनं ज्ञानेशकडं बघितलं, मग फोनांच्या पिशवीकडं, आणि त्याचं तोंड हळूहळू उघडत गेलं. आता कॉलर धरली जाणार, या तयारीनं ज्ञानेशनं डोळे मिटले.

"व्हय दादासाहेब," ऋषिराज शांतपणे म्हणाला, "मीच सांगितलं होतं. त्याची पाळी वाया घालवू नका, रान वाळलं की घ्या." आणि त्यानं फोन खिशात टाकला. "चला, भूक लागली."

एवढंच! शिवी नाही, चिमटा नाही, काही नाही. माफच करून टाकलं. ज्ञानेशला वाटलं, यापेक्षा त्या पाळण्यात उलटं टांगलं असतं तर बरं झालं असतं. या माणसाच्या चांगुलपणाला काही धरबंध आहे की नाही?

गाडीत बसल्यावर ऋषिराज फक्त एवढंच म्हणाला, "ज्ञानू, उद्या सत्काराला दोन शब्द बोलावं लागतील. मला काय बोलता येत न्हाय. माझ्या बाजूनं तू बोल. सवय झालीच हाय तुला."

शंभूराज आणि युवराज पुण्यापर्यंत हसत होते.

दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या ओट्यावर वाडी लोटली. ऋषिराजला फेटा बांधला, शाल दिली, नारळ दिला. मग मानसिंगराव म्हणाले, "ज्यांच्यासाठी हा त्याग झाला ते ज्ञानेशराव आता बोलतील." ज्ञानेश उठला. दोन गुळगुळीत वाक्यं बोलून बसायचं त्यानं ठरवलं होतं. पण माईक हातात आला, समोर फेट्यातला ऋषिराज दिसला आणि वीस वर्षांचं साठलेलं सगळं उसळून वर आलं.

"हा माणूस मला बघवत न्हाय!" तो ओरडला. मानसिंगराव खुर्चीतून अर्धे उठले. "शाळंत माझा डबा सांडला तर ह्यानं आपला दिला. मी जेवलो, पण घास गोड लागला न्हाय. माझी म्हस मेली तर हा रातदिस माझ्या दारात बसला. माझं सगळं ह्याच्याआधी व्हावं म्हणून मी नवस बोललो, आन ह्यो मात्र आपली पाळी मला देतो! अरं, माणसानं माणसाला जळायची तरी सोय ठेवावी का न्हाय?"

बोलता बोलता त्यानं मफलरनं डोळे पुसले. खरोखर पुसले. खाली बायकांनी पदर डोळ्यांना लावले. दादासाहेब तर हुंदके देत होते. टाळ्या थांबेनात. ओट्यावरून उतरल्यावर लोकांनी ज्ञानेशला गराडा घातला. सोयऱ्याकडं आलेले कऱ्हाटीचे एक पाहुणे त्याचा हात सोडेनात. "काय बोलता वो तुमी ज्ञानेशराव! काळीज हाललं. पुढच्या म्हैन्यात आमच्याकडं कार्यक्रम हाय, तुमीच पाहिजे. गाडी पाठवतो." डाळजच्या एकानं फोन नंबर घेतला. दादासाहेब त्याला चक्क तुमी म्हणाले.

गर्दी विरळ झाल्यावर ज्ञानेशनं बघितलं तर ओट्याच्या कडेला ऋषिराज एकटाच उभा. डोक्यावर फेटा, हातात नारळ, आणि फोटो काढणारासुद्धा ज्ञानेशच्या मागं. ऋषिराजचं तोंड एवढंसं झालं होतं. जवळ येऊन तो पुटपुटला, "दोन शब्द म्हणलं होतं तुला. इतकं चांगलं बोलायची काय गरज होती?"

ज्ञानेशनं ते तोंड डोळे भरून पाहून घेतलं.

घरी आल्यावर वृषालीनं ताट वाढलं आणि भीत भीत विचारलं, "मग आपला ऊस आता कधी जायचा वो?"

"जाईल की सावकाश," तिसरी भाकरी मोडत ज्ञानेश म्हणाला. "घाई काय हाय?"