कृपया कोणीही विचारू नये

"आई, माझं काहीही फेसबुकवर टाकायचं नाही. फोटो नाही, बातमी नाही. उद्याच्या मुलाखतीचं तर नावही काढायचं नाही!" लेकीने बजावलं.

लेक औषधांच्या खोक्यांत घालायची पत्रकं तपासायची. मुंगीच्या डोळ्याएवढ्या अक्षरांतली चूकही तिला सापडे. साहेब याच आठवड्यात बढतीची यादी काढणार होते. तिने दुसरीकडे अर्ज केल्याचा त्यांना वास जरी लागला, तरी हातचं जाणार आणि पळतं मिळेलच याचा काय भरवसा? त्यात साहेब आईचे माजी विद्यार्थी.

आई निवृत्त मुख्याध्यापिका. गुपित फोडणाऱ्यांतली ती नव्हेच! ते नीट राहावं, एवढ्यासाठीच तिने चष्मा लावला आणि तीस वर्षांच्या सवयीने फेसबुकवर लिहिलं :

"सूचना. सर्वांना कळवण्यात येते की, उद्या सकाळी अकरा वाजता माझ्या मुलीची गावातल्या दुसऱ्या औषध कंपनीत मुलाखत आहे. तिला खासगीपणा आवडतो. तरी याबाबत तिला कोणीही काहीही विचारू नये. हुकुमावरून."

मुलाखत झकास झाली. लेकीने फोन बंदच ठेवला होता. 'दाताच्या डॉक्टरकडून' ती दुपारी ऑफिसात आली, तर दारावरचा पहारेकरी म्हणाला, "ताई, मी काही विचारत नाही हं."

"काय?"

"तेच. नाहीच विचारत."

शेजारच्या टेबलावरची मैत्रीण म्हणाली, "चांगली झाली ना? नको, उत्तर देऊ नकोस! हा प्रश्न नव्हता."

लेकीने फोन चालू केला. मावशीचा आवाज आला, "अगं, काही विचारायला नाही केला. विचारणार नाही, हे सांगायला केला!" मग लेकीने ती सूचना पाहिली. खाली एकशे बारा जणांनी लिहिलं होतं, 'नाही विचारणार, बाई.' तेवढ्यात साहेबांनी बोलावलं.

"बसा. मी काहीही विचारणार नाही. बाईंचा हुकूम आठवीत एकदा मोडला होता, कान अजून गरम होतो."

"सर, ती बढतीची यादी..."

साहेबांनी दार लोटलं, आवाज खाली आणला. "सही केली. तुमचं नाव पहिलं आहे. अहो, तुमची अकराची होती, तशी माझी तिथेच दहाची होती! सूचना वाचली म्हणून बरं, तुम्हाला चुकवायला पाच मजले जिन्याने उतरलो. हे कुणाला सांगू नका. बाईंना तर नाहीच नाही."

लेक घरी आली ती तणतणतच. "आई, तुला लाज कशी वाटली नाही गं? तुझ्यापायी बिचारे साहेब पाच मजले उतरले! त्यांचीही तिथेच मुलाखत..."

तिने जीभ चावली. पण बाण सुटला होता.

आई मुळीच गडबडली नाही. तिने शांतपणे चष्म्याचं घर उघडलं.

"घाबरू नकोस. त्यालाही कोणी काही विचारणार नाही. मी बघते."