वाटीभर साखर

अजून जन्माला न आलेल्या एका मुलीच्या डोक्यावर, डाव्या कानाच्या वरच्या आळीत चंपूताई राहत होत्या आणि त्यांना केस व्हायचं होतं.

आळीत तसं कुणालाही केस होता येई. कातडीच्या खालच्या मजल्यावरून निरोप यायचा, "उगवा." निरोप आला की त्या बाईनं शेजारी साखर वाटायची. जिनं साखर घेतली, तिनं जन्मभर उघडं राहायचं. नाहीतर सगळ्याच उगवतील आणि एकीलाही धड मूळ धरता येणार नाही, असं खालचे लोक सांगत.

चंपूताईंना निरोप आला तेव्हा त्यांच्या घरात साखरेचा डबा पालथा होता. आनंदात माणसाला भान राहत नाही. त्या वाटी न घेताच शेजारच्या दुर्गावहिनींकडे गेल्या.

"वहिनी, वाटीभर साखर देता? निरोप आलाय मला."

दुर्गावहिनींनी त्यांच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं. मग आपल्याच वाटीत शिगोशीग साखर भरून आणली.

"घ्या हो. शेजारधर्म आहे."

चंपूताईंनी घेतली. संध्याकाळी दुर्गावहिनींनी मूळ धरलं.

खालचा माणूस आला तो मान खाली घालूनच. चंपूताई म्हणाल्या, "अहो, मी उसनी मागितली होती. निरोप माझा होता."

"असेल ताई. साखर कुणी दिली आणि कुणी घेतली, एवढंच आम्ही बघतो."

त्या रात्री चंपूताईंनी ती साखर रागारागानं मुठीमुठीनं खाल्ली. वाटी परत केली नाही. शेजारणीची वाटी रिकामी पाठवायची नसते, आणि त्यांच्याकडे घालायला काही उरलं नव्हतं.

मुलगी जन्मली, मोठी झाली. दुर्गावहिनींना तेल मिळालं, शिकेकाई मिळाली, लग्नात गजराही मिळाला. चंपूताईंच्या अंगावरून नुसता कंगवा फिरायचा. एवढी वर्षं शेजारी राहून त्यांनी वहिनींचा मनापासून द्वेष केला.

एके दिवशी वहिनी कंगव्यात अडकून गेल्या. चंपूताईंनी लगेच खालच्या माणसाला हाक मारली. "आता तरी माझा नंबर?"

"जागा वहिनींचीच आहे ताई. त्याच मुळातून त्यांची मुलगी येतेय."

थोड्या दिवसांनी कोवळी, काळीभोर मुलगी वर आली आणि सगळ्यात आधी शेजारच्या दारात उभी राहिली.

"मावशी, आईची वाटी तुमच्याकडे राहिलीय म्हणे."

चंपूताई आत गेल्या. वाटी फडताळातच होती, घासून पुसून ठेवलेली. त्यांनी ती हातात घेतली आणि सवयीनं साखरेचा डबा उघडला. या वेळी तो भरलेला होता.