कोकिळाबाईंच्या कोपराचं प्रकरण

धरणगावच्या रतिलाल पाटलांच्या दारावर पाटी होती: 'खाजगी गुप्तहेर. गुन्हा कितीही गुप्त असो, आम्ही त्याहून गुप्त.' तलाठी कार्यालयातून निवृत्त झाल्यावर त्यांना शोध लागला होता, की आपली नजर एक्स-रेसारखी आहे आणि डोकं अजून तसं वापरलेलंच नाही. दुसऱ्या मुद्द्यावर त्यांच्या पत्नी इंदिराबाईंचं दुमत नव्हतं.

एका सकाळी शेजारच्या कोकिळाबाई आल्या. त्यांच्यासारखे खापरावरचे, उलट्या मातीच्या भांड्यावर भाजलेले, कागदासारखे पातळ मांडे पंचक्रोशीत कोणी करत नसे. पण वीस वर्षं मांडे हातावर फिरवून फिरवून कोपरातली कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधून ठेवणारी दोरी, दुखावली होती. जळगावच्या डॉक्टरांनी चिरफाड न करता, सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत, त्यांच्याच रक्तातून वेगळा केलेला द्रव सुईने तिथे सोडला होता. जोडीला प्रथिनांची पावडर दिली आणि सहा आठवडे खापराला हात लावायला मनाई केली. महिनाभराची ती पावडर दहा दिवसांत तळाला गेली होती.

"रतिलालनाना, औषधच राहिलं नाही तर हात बरा कसा व्हायचा?" असं म्हणताना त्यांचे डोळे भरून आले. पंधरा दिवसांवर भाचीचं लग्न होतं आणि मांड्यांचा शब्द त्यांनी दिला होता.

रतिलालरावांनी वही उघडली. पहिला संशय तालमीतल्या झुलालवर गेला, कारण त्याचे दंड फुगले होते. ते गेली दहा वर्षं फुगलेलेच आहेत, हे इंदिराबाईंनी सांगून पाहिलं. मग संशय डॉक्टरांकडे वळला. रक्त काढलं, यंत्रात गरागरा फिरवलं आणि थोडंसंच परत दिलं. तर बाकीचं गेलं कुठे? फोनवर डॉक्टरांनी शांतपणे खुलासा केला: खरं काम सुईचं, विश्रांतीचं आणि व्यायामाचं, पावडर नुसती मदतनीस. रतिलालरावांनी वहीत लिहिलं, 'मदतनीस फरार.'

शेवटी शोध कोकिळाबाईंच्या घरात पोहोचला. त्या दुपारी त्या व्यायामासाठी जळगावला गेल्या होत्या. त्यांचे यजमान अमृत एसटीत कंडक्टर. कंडरा आणि कंडक्टर, या साम्याखाली रतिलालरावांनी दोनदा रेघ मारली. अमृतच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत भाजल्याचे डाग होते. पावडर वितळवून विकण्याची भट्टी कुठे आहे, असं त्यांनी दरडावून विचारलं. अमृत मान खाली घालून उभा राहिला.

इंदिराबाईंनी ते डाग एकदाच पाहिले. लग्नानंतरची दोन वर्षं त्यांच्याही हातांवर असेच डाग होते. त्या सरळ मागच्या पडवीत गेल्या. चुलीवर खापर होतं, शेजारी करपलेल्या तुकड्यांचा ढीग आणि स्टीलचे दोन सारखेच डबे.

"अमृतभाऊ, मांडे शिकताय?"

अमृतने सगळं सांगितलं. कोकिळाचा शब्द खाली पडू नये, म्हणून ती जळगावला गेली की तो खापर तापवायचा. पीठ काही केल्या ताणलं जायचं नाही, चिकट व्हायचं नाहीतर फाटायचं. इंदिराबाईंनी डब्यातली चिमूट जिभेवर ठेवली. ते पीठ नव्हतंच. बरणीचं झाकण तुटलं म्हणून कोकिळाबाईंनी पावडर डब्यात काढून ठेवली होती.

"माले वाटनं तो पीठना डबा शे," अमृत हळूच म्हणाला.

चोरी नव्हे, विनापरवाना स्वयंपाक, असं रतिलालरावांनी जाहीर केलं आणि प्रकरण आपण उलगडल्याचं वहीत नोंदवलं. इंदिराबाईंनी पदर खोचला आणि अमृतला खऱ्या पिठाची कणीक तिंबायला बसवलं.

संध्याकाळी कोकिळाबाई परतल्या, तेव्हा नवरा खापरापुढे घामाघूम बसला होता. समोर एक मांडा होता: एका बाजूने जाड, मधे भोक पडलेला, पण मांडाच. दुखरा हात मांडीवर ठेवून डाव्या हाताने त्यांनी तुकडा मोडला.

"मीठ टाकानं इसरी ग्यात तुम्ही," त्या म्हणाल्या, आणि अख्खा मांडा संपवला.